गोबर गॅस संयंत्र : अनुदान किती, शेण किती?

मेहकर तालुक्यातील जानेफळ व आसपासच्या गावांत खरिपात सोयाबीन, तूर आणि कपाशी ही मुख्य पिके. हंगाम संपला की तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे ढीग घरामागे रचले जातात आणि वर्षभर चुलीत जातात. गोठ्यातील शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात. घरात गॅसचा सिलिंडर असतो, पण तो चहा, पाहुणे आणि पावसाळ्यातील ओले दिवस यांच्यासाठी जपून वापरला जातो. अंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण मात्र चुलीवरच. अशा घराला गोबर गॅस संयंत्र परवडेल का, आणि त्यासाठी मिळणाऱ्या शासकीय अनुदानाचा हिशेब नेमका कसा मांडावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

अनुदान ऐकले की मनुष्य आधी आकडा विचारतो. आमच्या मते आधी गोठा विचारावा. संयंत्र बांधून होते, अनुदान खात्यात जमा होते, फोटो निघतो आणि दोन वर्षांनी त्या खड्ड्यावर कडबा रचलेला दिसतो, हा प्रकार अनेक गावांत आढळतो. यात बहुतेक वेळा बांधकामाचा दोष नसतो. शेण कमी आणि टाकी मोठी, हे मूळ कारण असते.

अनुदान कोठून येते

गोबर गॅसची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्यापासून वायू मिळविण्याचे संयंत्र उभारले गेले होते. शेणाच्या वायूवर १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रयोग झाले. पुढे १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून त्या नमुन्याचा प्रसार हाती घेतला. लोखंडी टाकी महाग पडते आणि गंजते, म्हणून १९७८ साली उत्तर प्रदेशात विटांच्या घुमटाचे 'जनता' संयंत्र निघाले. त्याचाच खर्च आणखी कमी करून १९८४ साली 'दीनबंधू' संयंत्र आले. आज खेड्यात नवीन बांधकाम होते ते बहुधा याच नमुन्याचे.

केंद्र शासनाने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला आणि तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाच्या संयंत्राला ठरावीक रोख अनुदान देण्याची पद्धत पडली. योजनेचे नाव पुढे बदलत गेले. २०१८ मध्ये 'नवीन राष्ट्रीय बायोगॅस व सेंद्रिय खत कार्यक्रम' आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 'राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम' जाहीर करून बायोगॅस त्यात घेतला. या कार्यक्रमाचा पहिला टप्पा २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतचा होता. एकूण संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला असून आजवर सुमारे ९ लाख कौटुंबिक संयंत्रे राज्यात बांधली गेली आहेत. त्यांपैकी चालू किती, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपल्या गावातच फिरून पाहावा.

पहिल्या टप्प्यात सर्वसाधारण प्रवर्गासाठी अनुदानाचे दर असे होते : १ घनमीटर संयंत्रास ९,८०० रुपये, २ ते ४ घनमीटर संयंत्रास १४,३५० रुपये आणि ६ घनमीटरला २२,७५० रुपये. अनुसूचित जाती व जमातीच्या लाभार्थ्यांसाठी १ घनमीटरला १७,००० रुपये आणि २ ते ४ घनमीटरला २२,००० रुपये असा वाढीव दर होता. संयंत्राला शौचालय जोडल्यास १,६०० रुपये जादा. टप्पा बदलला की दरही बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे दर व तालुक्याचे लक्ष्यांक मेहकर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून घ्यावेत. महाराष्ट्रात ही योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत राबविली जाते, त्यामुळे विस्तार अधिकारी (कृषी) हेच शेतकऱ्याचे पहिले दार.

दोन गोष्टी येथे ध्यानात घ्याव्यात. पहिली, अनुदान संयंत्र पूर्ण होऊन गॅस पेटल्यानंतर थेट बँक खात्यात जमा होते. म्हणजे विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी आधी स्वतःच्या खिशातून किंवा बँकेच्या कर्जातून भागवावी लागते. दुसरी, मंजुरीपूर्वी खड्डा खोदू नये. लक्ष्यांक संपला असेल तर बांधलेले संयंत्र चांगले असूनही अनुदानाबाहेर राहते.

आधी शेण मोजा

एक घनमीटर गॅस मिळण्यासाठी दररोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. मोठी म्हैस दिवसाला १५ किलो, बैल किंवा गाय सुमारे १० किलो आणि कालवड-गोऱ्हा ५ किलो शेण देते, असे सर्वसाधारण धरतात. हा हिशेब दावणीला बांधलेल्या जनावराचा आहे. आपल्याकडे जनावर दिवसभर धुऱ्यावर, पडिकात किंवा नांगराला असते, आणि तेवढे शेण शिवारातच राहते. ते वाया जात नाही, पण संयंत्रातही येत नाही.

समजा एखाद्या घरी एक बैलजोडी, एक गाय आणि एक म्हैस आहे. कागदावर शेण ४५ किलो होते. प्रत्यक्षात सकाळी गोठ्यातून टोपल्याने निघते ते कधी २५, कधी ३० किलो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी सलग आठ दिवस गोठ्यातील शेण काट्यावर तोलावे. त्यांत दोन दिवस तरी बैल कामावर गेलेले असावेत. हे काम घरातील जी व्यक्ती रोज शेण काढते तिनेच करावे. बहुधा ती घरची बाईच असते आणि तिला आकडा न तोलताही ठाऊक असतो. संयंत्राचा अर्ज मालकाच्या नावाने होतो आणि शेण कालवायचे काम मालकिणीच्या वाट्याला येते, तेव्हा तिच्या सल्ल्याशिवाय आकारमान ठरवू नये.

अलीकडे ट्रॅक्टरने मशागत वाढली आणि बैलजोड्या घटल्या. आज गोठ्यात चार जनावरे आहेत, पण पुढील पाच वर्षांत बैल विकण्याचा विचार असेल तर तो आत्ताच हिशेबात धरावा. घुमट एकदा बांधला की लहान करता येत नाही.

आता गॅस किती लागतो ते पाहू. स्वयंपाकासाठी माणशी दररोज साधारण पाव घनमीटर गॅस लागतो. म्हणजे १ घनमीटर संयंत्र चार माणसांच्या घराला आणि २ घनमीटर संयंत्र सात-आठ माणसांच्या घराला पुरते, तेही पूर्ण शेण पडले तर. थंडीत जंतूंचे काम मंदावते. हे जंतू ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत चांगले काम करतात आणि टाकीतील तापमान २० अंशांच्या खाली गेले की गॅस घटतो. बुलडाण्याच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत हा अनुभव येतोच.

अनुदानाची पायरी आणि तिचा मोह

अनुदान आकारमानाच्या पायऱ्यांनी वाढते आणि येथेच चूक होण्याचा संभव असतो. दर घनमीटरमागे अनुदान काढून पाहा. १ घनमीटरला ९,८०० रुपये. २ घनमीटरला १४,३५० म्हणजे घनमीटरमागे ७,१७५ रुपये. ४ घनमीटरलाही तेच १४,३५० म्हणजे घनमीटरमागे ३,५८७ रुपये. तरीही गावात चर्चा होते ती "एकपेक्षा दोनला जास्त मिळतात" एवढीच.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपल्या गावातील विटा, वाळू व मजुरीचे दर धरून ते बदलावेत. पाच माणसांचे कुटुंब आहे, गोठ्यातून रोज २५ किलो शेण निघते आणि वर्षाला ८ सिलिंडर लागतात. १ घनमीटर संयंत्राचा खर्च ३०,००० रुपये आणि २ घनमीटरचा ४५,००० रुपये धरू. सिलिंडर ९०० रुपयांना धरू. उज्ज्वला योजनेतील लाभार्थ्यांना सिलिंडर कमी पडतो, त्यांनी आपला खरा दर धरावा.

बायोगॅसचा एक घनमीटर म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचे सुमारे ०.४३ किलो. रोज २५ किलो शेणातून कागदावर १ घनमीटर गॅस निघतो. थंडी आणि खाडे धरून सरासरी ०.८ घनमीटर मानू. ते रोजचे सुमारे ०.३४ किलो गॅसच्या बरोबरीचे होते. वर्षाचे १२५ किलो, म्हणजे १४.२ किलोचे जवळजवळ पावणेनऊ सिलिंडर. या घराची आठ सिलिंडरांची गरज १ घनमीटर संयंत्रातून भागली आणि वर्षाला ७,२०० रुपये वाचले.

अनुदान वजा जाता १ घनमीटर संयंत्रासाठी घरचे २०,२०० रुपये गुंतले. ते पावणेतीन-तीन वर्षांत फिटतात. त्याच घराने २ घनमीटरचे संयंत्र बांधले तर घरचे ३०,६५० रुपये गुंततात. शेण मात्र तेच २५ किलो, गॅस जवळपास तेवढाच आणि बचतही तीच ७,२०० रुपये. फेड सव्वाचार वर्षांवर गेली. म्हणजे ४,५५० रुपयांचे जादा अनुदान मिळविण्यासाठी १०,४५० रुपये जादा खर्च झाले. टाकी मोठी म्हणून गॅस जास्त येत नाही. गॅस शेणातून येतो.

ज्या घरी सिलिंडर क्वचितच येतो आणि सगळा स्वयंपाक तुराट्या-पऱ्हाट्यांवर होतो, तेथे रोख बचत फारशी दिसणार नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या घराचा लाभ वेगळा आहे. धूर जातो, भांडी काळी होत नाहीत आणि सरपण गोळा करण्याचा वेळ वाचतो. एक घनमीटर गॅस सुमारे साडेतीन किलो लाकडाचे काम करतो. शिवाय धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी आश्रय घेते, त्यामुळे सरपणासाठी साठा करण्याची गरज राहिली नाही तर पऱ्हाट्या हंगाम संपताच बारीक करून कंपोस्टला लावता येतात. हे लाभ पैशात मांडणे कठीण, पण म्हणून ते शून्य नव्हेत.

दुसऱ्या देशांत काय झाले

अनुदान कशावर द्यावे, या प्रश्नाचे उत्तर इतर देशांनी निरनिराळे दिले. ब्रिटनमध्ये लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या भट्ट्या, सौर उष्णता यंत्रे इत्यादींसाठी २०११ पासून बांधकामावर नव्हे तर प्रत्यक्ष तयार झालेल्या उष्णतेच्या युनिटवर पैसे देण्याची योजना सुरू झाली. उत्तर आयर्लंडमध्ये तीच योजना २०१२ मध्ये आली. तेथे झाले असे की एका युनिटला मिळणारे पैसे त्या युनिटसाठी लागणाऱ्या इंधनाच्या किमतीपेक्षा जास्त होते आणि त्यावर मर्यादा घातलेली नव्हती. जितके जाळावे तितका नफा. कुक्कुटपालकांसह अनेकांनी भट्ट्या बसविल्या, रिकाम्या शेडमध्ये भट्टी पेटती ठेवल्याचे आरोप झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये योजना नव्या अर्जदारांना बंद करावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये त्या वादातून तेथील सरकार कोसळले आणि चौकशी समितीचा अहवाल २०२० मध्ये आला.

आपल्याकडे रोग उलटा आहे. आपण बांधकामावर पैसे देतो, म्हणून संयंत्र उभे राहते पण चालेलच याची खात्री नसते. उष्णतेवर पैसे दिले तर लोक उष्णता वाया घालवतात, विटांवर पैसे दिले तर विटा रिकाम्या राहतात. नेपाळने यावर बराच चांगला मार्ग काढला. तेथे १९९२ पासून चाललेल्या बायोगॅस कार्यक्रमात अनुदानाबरोबर संयंत्र बांधणाऱ्या कंपनीवर दर्जाची तपासणी आणि बांधकामानंतरच्या देखभालीची हमी बंधनकारक केली गेली; काम निकृष्ट आढळले तर कंपनीला दंड. आपल्या योजनेतही प्रशिक्षित गवंड्यामार्फत संपूर्ण काम करून घेतल्यास पाच वर्षांच्या विनामूल्य देखभालीच्या हमीची तरतूद राहिली आहे. ही तरतूद शेतकऱ्यांपैकी फार थोडे वापरतात. हमीपत्र लेखी घ्यावे, त्यावर गवंड्याची सही व संपर्क असावा आणि ते पासबुकाबरोबर जपून ठेवावे.

बांधकाम : काळ्या जमिनीत विशेष काळजी

जानेफळ परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी भारी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने घुमटाला तडा जातो आणि गॅस निसटतो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोदावा, तळाचे काँक्रीट कठीण थरावरच टाकावे आणि बांधकामाच्या बाहेरील पोकळी काळ्या मातीने न भरता मुरूम किंवा वाळूने थराथराने पाणी मारून दाबून भरावी. मुरमाड उताराची जागा उपलब्ध असेल तर तीच निवडावी.

जागा स्वयंपाकघराच्या जवळ आणि गोठ्याच्या आणखी जवळ असावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १५ मीटर दूर. मोठे झाड जवळ नको, कारण मुळे विटांत शिरतात आणि सावलीने टाकी थंड राहते. दिवसभर ऊन मिळणारी, पावसाचे पाणी न साचणारी उंच जागा उत्तम.

घुमटाच्या आतील गिलावा हा कामाचा जीव आहे. विटा पक्क्या, वाळू चाळलेली आणि सिमेंट ताजे असावे. गिलाव्याला पुरेसे दिवस पाणी मारावे. बांधकामाची मानके भारतीय मानक ९४७८ मध्ये दिलेली आहेत; गवंडी ती जाणणारा आहे काय, हे त्याने पूर्वी बांधलेले आणि चालू असलेले एक संयंत्र प्रत्यक्ष पाहून ठरवावे. बंद असलेले संयंत्र दाखवीत असेल तर दुसरा गवंडी शोधावा.

गॅसच्या नळीला घरापासून संयंत्राकडे किंवा मध्ये बसविलेल्या पाणी काढण्याच्या तोटीकडे थोडा उतार द्यावा. नळीत पाणी साचले की ज्योत फडफडते आणि लोक गॅस संपला असे समजतात. शेगडी बायोगॅसचीच घ्यावी. सिलिंडरच्या शेगडीचे छिद्र लहान असते आणि त्यावर हा गॅस नीट जळत नाही.

पहिली भरणी

संयंत्र पहिल्यांदा भरण्यासाठी बरेच शेण एकदम लागते आणि याचा विचार बहुतेकजण करीत नाहीत. शेण टाकीत सुमारे ४० दिवस राहावे अशी रचना धरल्यास १ घनमीटर संयंत्राला सुमारे १,००० किलो शेण आणि १,००० लिटर पाणी लागते. २ घनमीटरला त्याच्या दुप्पट. हे शेण महिनाभर आधीपासून ओले ठेवून साठवावे किंवा शेजाऱ्यांकडून घ्यावे. वाळलेले शेण व गोवऱ्यांचा चुरा चालत नाही. जवळच्या चालू संयंत्रातील चार-पाच पाट्या मळी मिसळली तर जंतूंचे विरजण लागते आणि गॅस लवकर सुरू होतो. भरणी फेब्रुवारी ते मे या उबदार काळात करावी.

पहिला गॅस पेटवू नये. त्यात हवा मिसळलेली असते आणि भडका उडण्याचा धोका असतो. तोटी उघडून तो सोडून द्यावा. त्यानंतर शेगडीवर निळी ज्योत स्थिर मिळू लागली म्हणजे संयंत्र लागले.

रोज शेण व पाणी समप्रमाणात, काडीकचरा, माती व खडे काढून, हाताने किंवा पायाने कालवून घालावे. साबणाचे पाणी, फिनेल आणि फवारणीच्या पंपाचे धुतलेले पाणी टाकीत कधीही जाऊ देऊ नये. आजारी जनावराला प्रतिजैविक दिले असल्यास त्याचे शेण तेवढे दिवस बाजूला टाकावे. सोयाबीनचे कुटार, तुरीचा भुसा टाकला तर तो वर तरंगून जाड साय धरतो आणि गॅस अडतो.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. १ घनमीटर संयंत्राला रोज २५ लिटर पाणी लागते. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हे जड वाटेल. जनावरे धुतलेले, साबण नसलेले पाणी वापरता येते. मळीचा निथळलेला पातळ भागही काही प्रमाणात पुन्हा कालवण्यासाठी वापरता येतो, मात्र सतत तोच वापरू नये.

सौर बंबाविषयी थोडेसे

पाणी तापविण्याच्या सौर बंबालाही अनुदान मिळते असे सांगणारे विक्रेते अजून गावोगाव फिरतात. केंद्राचे सौर बंबावरील अनुदान २०१४ मध्ये बंद झाले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान छतावरील वीजनिर्मितीच्या सौर पट्ट्यांसाठी आहे, बंबासाठी नाही. पुण्यासारख्या महापालिका सौर बंब बसविणाऱ्यांना घरपट्टीत सवलत देतात, पण ग्रामपंचायत हद्दीतील घराला तिचा उपयोग नाही. बंब घेऊ नये असे नाही. थंडीत अंघोळीच्या पाण्यासाठी जळणाऱ्या तुराट्यांचा विचार केला तर तो उपयोगीच आहे. मात्र अनुदान मिळणार या भरवशावर आगाऊ रक्कम देऊ नये. तयार फायबर किंवा रबरी पिशवीच्या बायोगॅस संयंत्रांबाबतही तेच : नमुना मंजूर यादीत आहे काय, हे पंचायत समितीत विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

मळीचा हिशेब

आमच्या अनुभवात गॅस पाहून संयंत्र घेणारे पुष्कळ आणि मळी पाहून घेणारे थोडे. टिकते ते बहुधा दुसऱ्यांचे. रोज २५ किलो शेण म्हणजे वर्षाला सुमारे ९ टन. त्यातील कोरडा भाग पाचवा हिस्सा, म्हणजे १.८ टन. पचनात त्याचा पाव ते तिसरा हिस्सा गॅसरूपाने जातो आणि सुमारे सव्वा टन कोरड्या वजनाचे खत उरते. त्यात दीड ते पावणेदोन टक्के नत्र धरले तर वर्षाला सुमारे २० किलो नत्र होते. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत जवळपास तेवढेच नत्र असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संयंत्र नत्र निर्माण करीत नाही. शेणात होते तेच नत्र मळीत उतरते. फरक असा की गोवरी जाळली तर ते सगळे धुरात जाते आणि उघड्या उकिरड्यावर ऊन-पावसाने त्याचा मोठा भाग नष्ट होतो. संयंत्रात मात्र गॅसही मिळतो आणि नत्रही शिल्लक राहते. त्यामुळे जे घर आज गोवऱ्या थापते त्याला संयंत्राचा सर्वांत जास्त लाभ. जे घर आधीपासूनच शेण झाकून उत्तम कंपोस्ट करते त्याला खताच्या बाजूने फारसा फरक पडणार नाही, त्याने गॅसच्या बचतीवरच निर्णय घ्यावा.

मळीतील नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपात असतो आणि मळी उन्हात पसरून वाळविली तर तो उडून जातो. म्हणून निर्गमाच्या पुढे दोन खड्डे करावेत. एका खड्ड्यात कुटार, पालापाचोळा, गोठ्यातील उरलेली वैरण यांचा थर देऊन त्यावर मळी सोडावी. पुन्हा थर, पुन्हा मळी. खड्डा भरला की मातीने झाकून दुसरा सुरू करावा. पहिला खड्डा खरीपपूर्व मशागतीच्या वेळी रिकामा करून शेतात टाकताच मातीत मिसळावा. रब्बीत हरभऱ्याला किंवा भाजीपाल्याला पाणी देताना ताजी मळी पाटाच्या पाण्यातून सोडली तरी चालते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी या खड्ड्यांभोवती वीतभर उंच मातीचा बांध घालावा आणि निर्गमाचे तोंड फळीने झाकावे, म्हणजे पावसाचे पाणी टाकीत शिरणार नाही आणि गुरेवासरे व लहान मुले त्यात पडण्याचा धोकाही राहणार नाही.

अर्जासाठी आधार, बँक पासबुक, आठ-अचा उतारा आणि लागू असेल तेथे जातीचा दाखला सोबत ठेवावा. आकारमानाबाबत शंका असल्यास आठ दिवसांच्या शेणाचा तोललेला आकडा घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अपारंपरिक ऊर्जा स्रोत विभागाकडे विचारणा करता येईल. कोणीही पहिला प्रश्न हाच विचारील की, शेण किती निघते?